बाई ‘संपलं’ म्हणाली नाही

३ फेब्रुवारी

दादा,

खुशाली शेवटी लिहिते, आधी तक्रार.

तुझ्या कात्रीची नवी व्हर्जन आली आणि माझी वाचनबाई आजारी पडली. सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर बहिणीचं पत्र म्हणून तू अर्धं वाचशील आणि ‘बघतो’ म्हणशील. मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम मी आईसाठी लिहिला. ती त्याला ‘बाई’ म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं. आता नजर गेलेली बरीच माणसं तो वापरतात. आलेल्या मजकुराच्या ओळी कापून एकेक ओळ बाईच्या हातात द्यायची, हे काम तुझी कात्री करते. तू ती कॉलेजात असताना लिहिलीस आणि जगाला फुकट दिलीस. फुकटच्या वस्तूचे दात मोजू नयेत हे मला कळतं, पण माझी माणसं खोळंबली आहेत.

कात्री अधूनमधून अडकते. पूर्वीही अडकायची. दोन वर्षांपूर्वी मी रीतसर तक्रार नोंदवली होती, ती तू ‘माझ्याकडे असं होत नाही’ असं लिहून बंद केलीस. मग मी माझ्याकडेच ठिगळ लावलं. कात्रीकडून थोडा वेळ काही आलं नाही की बाईने समजायचं संपलं, ‘मजकूर संपला’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सगळे खूश होते. नव्या व्हर्जनवर ते ठिगळ बसतच नाही. बाई एकदा अडकली की मोबाइल बंद करून चालू करावा लागतो. जुनी व्हर्जन परत घालावी तर तिच्यात चोर शिरेल एवढं भोक आहे, असं तूच सगळ्यांना कळवलंयस. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

बाबा नळाच्या कामावर जायचे तेव्हा गिऱ्हाइकांना सांगायचे ते आठवतं ना? छताला डाग पडला की रंगारी बोलावू नका, वरच्या मजल्याची बेल वाजवा. मी दोन वर्षं रंग मारत होते. आज बेल वाजवतेय.

आता आईचं. तुझं या महिन्याचं पत्र परवा मोबाइलवर आलं. तुला माहीतच आहे, ती तुझी पत्रं मला वाचू देत नाही. इअरफोन कानात घालून एकटी ऐकते आणि उत्तरही मोबाइलला सांगून स्वतःच धाडते. परवा बाई वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, अडकली गं, बंद कर. तर म्हणाली, “ती ‘संपलं’ म्हणाली नाही अजून. काहीतरी राहिलंय.” आणि दुपारभर तशीच खिडकीशी बसून राहिली, कानात घालून. जेवायला हाक मारली तर हात वर करून मला गप्प केलं. तुझ्या बगपायी माझी आई अशी बसलेली मला बघवत नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, उरलीसुरली नजर या वर्षभर टिकली तर नशीब. सध्या उजेडात अगदी जवळ धरलं तर तिला चेहरा दिसतो. काल मला विचारत होती, “दादाचे केस पिकले असतील का गं?” बाबा गेले तेव्हा दारात ती एक वाक्य बोलली, ते धरून तू किती वर्षं बसणार आहेस? तुझा फोन आला की ती बाथरूममध्ये जाऊन बसते हे मान्य, पण पत्रं तर ऐकते ना? इतकी पत्रं लिहितोस, त्यात ‘येतो’ एवढं एक लिहायला तुझा काय हात मोडतो?

मी बरी आहे. चहा कमी केलाय, असं आईला सांगितलंय.

मुंगी

*

९ फेब्रुवारी

प्रिय मुंगीबाई,

बेल ऐकू आली. पण तू मागच्या दाराची वाजवलीस. कात्रीबद्दलची तक्रार सगळ्यांसमोर, जिथे नोंदवतात तिथे नोंदव. मी घरचं म्हणून वेगळं खातं ठेवलं, तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? रोज संध्याकाळी नोकरीवरून आलो की तक्रारींची रांग असते. निम्म्या माझ्या नसतातच. कुणाचा मोबाइल जुना, कुणी सूचना न वाचताच वापरतो, कुणी कात्रीत स्वतःचं काहीतरी खुपसतो आणि मग माझ्या नावाने ओरडतो. परवा एकाने लिहिलं, तुमच्यामुळे माझी सुट्टी फुकट गेली. त्याला काय सांगू, माझ्या तर सगळ्याच सुट्ट्या याच कात्रीत गेल्या. तेव्हा उर्मटपणा म्हण, पण माझा नियम एकच आहे. अडकणारा मजकूर दाखवा, माझ्याकडे अडकला की मी दुरुस्त करतो.

मागच्या वेळी तू तक्रारीच्या चौकटीत मजकूर चिकटवून पाठवलास, तो माझ्याकडे सुरळीत कापला गेला. या वेळी मूळ फाइल पाठव, जशी आली तशी. उघडू नकोस, सेव्ह करू नकोस, नीटनेटकी तर मुळीच करू नकोस. हात लागला की बग पाहुण्यांसमोरच्या मुलासारखा शहाणा होतो.

तुझ्या ठिगळाला मी हसत नाही. खाली असलेल्याने काय करावं? त्याची माणसं रांगेत उभी असतात आणि वरचा दार उघडत नसतो. मी वरचा आहे, पण माझ्याही वर कुणीतरी आहे आणि त्यांच्या चुकांवर मीही तीन-चार ठिकाणी रंग मारलेला आहे. ठिगळ लावावं, पण वर कळवत राहावं. तू एकदा कळवून गप्प बसलीस, एवढंच माझं म्हणणं.

त्या वाक्याचं म्हणशील, तर मी ते धरून बसलेलो नाही. मी ते पाळतोय. बाबा हॉस्पिटलात होते, तू फोन केलास, मी म्हटलं हातातलं एवढं उरकून निघतो. पोचलो तेव्हा तुमचं सगळं उरकलं होतं. आई दारात म्हणाली, “आता मी बोलावल्याशिवाय या घरात पाय ठेवायचा नाही.” ती चुकीचं बोलली असं मला एकदाही वाटलेलं नाही. ती बोलावेल त्या दिवशी निघेन, बॅगसुद्धा भरायला थांबणार नाही. ती का बोलावत नाही, हे तिला विचार. मला विचारू नकोस, मला ते लिहिताना त्रास होतो.

डोळ्यांबद्दल तू इतक्या सहज कसं लिहिलंस? डॉक्टरांचा रिपोर्ट पाठव.

केस पिकलेत. कानांजवळ जास्त.

दादा

*

२० फेब्रुवारी

दादा,

नोंदवली तक्रार, पुढच्या दाराने, चपला बाहेर काढून. बघितलीच असशील. कुठल्यातरी ग्रंथालयातल्या बाईंनी खाली लिहिलंय की त्यांच्याकडेही असंच होतं, त्या दर वेळी मशीनला थापटी मारतात. आणखी एकाने लिहिलं की त्याच्याकडेही माझ्यासारखंच ठिगळ आहे, पाहिजे तर देतो. म्हणजे घरोघरी रंगारीच.

फाइल मात्र देता येत नाही. मी सगळं चाळून पाहिलं. पुस्तकं अडकत नाहीत, बातम्या अडकत नाहीत, औषधांच्या सूचना अडकत नाहीत. आमच्या घरात हमखास अडकतं ते एकच, तुझं पत्र. आणि आई ते देत नाही. मी म्हटलं, बघणार नाही मी, नुसती फाइल उचलून पाठवते. तर म्हणाली, “माझ्या मुलाचं पत्र जगाच्या चव्हाट्यावर टांगायचं नाही.” मी तिला ओपन सोर्स म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, “म्हणजे चव्हाटाच ना?”

तू म्हणालास म्हणून मी तिला ते दुसरंही विचारलं. कपड्यांच्या घड्या घालत होतो. म्हटलं, आई, दादाला का बोलावत नाहीस? आधी तिने न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, “रागात बोलले होते मी. नवरा गेला होता माझा, मी काय शुद्धीवर होते? दुसऱ्या दिवशी उठले तेव्हाच वाटलं, विचारील आता, येऊ का म्हणून. विचारलं असतं तर त्याच पावली ये म्हटलं असतं. पण त्याने आजपर्यंत एका शब्दाने विचारलं नाही. हवा लिहितो, ऑफिस लिहितो, काय शिजवलं ते लिहितो. ज्याला यायचंच नाही त्याला मी कशाला भीड घालू? उद्या आंधळी झाले म्हणून आला असं व्हायला नको.”

मग तिने तुझा जुना शर्ट माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा घडी घातली. तो ती धुते अजून. कोण घालतं म्हणून धुतेस असं विचारायची माझी छाती नाही.

एका शब्दाने तरी विचार रे. तिचं सांगत नाही, मीच सांगतेय. मलाही तू हवा आहेस. या घरात तिच्याशी भांडायला मी एकटी पुरत नाही.

रिपोर्ट सोबत आहे.

मुंगी

*

२२ फेब्रुवारी

मुंगी,

रिपोर्ट वाचला. खर्च मी बघतो, चांगल्या डॉक्टरांना पुन्हा दाखव.

आई असं म्हणाली, की मी आजपर्यंत एका शब्दाने विचारलं नाही? तुझ्या ऐकण्यात काही चूक नाही ना? नसेल तर मग ठीक आहे. आईला आयुष्यात खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं, तेही झालं. तिला मी नको असेन तर तिने तसं म्हणावं, मी ऐकून घेईन. पण असं म्हणू नये.

यापुढे तू मधे पडू नकोस. बगचं बघू, फाइल मिळाली तर.

दादा

*

४ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी दहा दिवस उत्तर लिहिलं नाही, आणि आता लिहितेय ते बाईसाठी, तुझ्यासाठी नाही. आई खोटं बोलते म्हणे. जी डोळ्यांच्या तपासणीत अक्षर दिसलं नाही तर अंदाजानेसुद्धा सांगत नाही, ती तुझ्याबद्दल खोटं बोलेल? तू बदललास. पूर्वी तू नुसता हट्टी होतास.

तिला हे मी सांगितलेलं नाही.

परवा तुझं या महिन्याचं पत्र आलं आणि पुन्हा तेच झालं. बाई थांबली. आई पुन्हा कानात घालून बसली. या वेळी मी काही बोलले नाही, तिच्याजवळ नुसती बसले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पूर्वी ती लगेच ‘संपला’ म्हणायची, मग मीही उठायचे. आता वाटतं, तो बोलता बोलता श्वास घ्यायला थांबलाय.” मग स्वतःहून म्हणाली, “पाठव फाइल. पण चव्हाट्यावर नाही, त्याला एकट्याला. त्याचंच पत्र त्यालाच परत जातंय, त्यात कसली लाज? आणि तू उघडायचं नाहीस.”

उघडलेली नाही. सेव्ह केलेली नाही. नीटनेटकी केलेली नाही. जशी आली तशी फेब्रुवारीची फाइल सोबत जोडली आहे. तुझा नियम, तुझं पत्र, तुझी कात्री. आता तरी ‘माझ्याकडे असं होत नाही’ म्हणू नकोस.

आईचा निरोप शब्दशः देते: “त्याला म्हणावं, बाकी जगाचं ऐकू येतं, तुझंच तेवढं ऐकता येत नाही.”

मुंगी

*

५ मार्च

मुंगे,

माझ्याकडे असं होतं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तुझी फाइल कात्रीत घातली. डबा उघडून समोर ठेवला होता. एकेक ओळ कापली जाऊन पडद्यावर येत होती, माझीच ओळ. इकडची हवा. ऑफिसातल्या लिफ्टचं काय झालं ते. वांगी करपली ते. आणि मग थांबली. पडद्यावर काही येईना. मी फाइल उघडून पाहिलं, किती राहिलंय ते. एकच ओळ राहिली होती. शेवटची.

ती काय आहे ते तुला सांगतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. ‘आई, मी येऊ का?’

प्रत्येक पत्राची शेवटची ओळ तीच आहे. पहिल्यापासून प्रत्येक. वर हवा, ऑफिस, स्वयंपाक लिहीत मी धीर गोळा करतो आणि शेवटी ती ओळ लिहितो. लिहिली की त्याच क्षणी पाठवून टाकतो. खाली नाव घालत नाही, एंटरसुद्धा दाबत नाही. तेवढा थांबलो तर पुसून टाकेन ही मला भीती असते. तिचं उत्तर यायचं, त्यात गुडघा असायचा, बाथरूमच्या छताचा डाग असायचा. ‘ये’ नसायचं, ‘येऊ नकोस’ही नसायचं. मी समजायचो की तिला नाही म्हणवत नाही म्हणून ती गप्प राहते. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचो.

आता कात्रीचं ऐक. एंटर दिसला की ओळ संपली, असं मी तिला कॉलेजात असताना शिकवलं. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर तिला वाटतं ही ओळ अजून पुरी व्हायची आहे. मग ती ओळ हातात धरून ती वाट बघत बसते, कुणाला देत नाही. मी तपासायला घेतलेल्या प्रत्येक मजकुराखाली मी सवयीने एंटर दाबलेला असायचा. तू चौकटीत चिकटवलेल्या मजकुराला तो आपोआप लागला होता. त्यामुळे माझ्याकडे कधी अडकलंच नाही. इतरांकडे अडकलं तरी गेली काय, तर कुणाची तरी सही. सहीवाचून कुणाचं अडतं? जगात एकच वेडा माणूस असेल, जो सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहून एंटर न दाबता पळतो, आणि ती कात्रीही त्यानेच लिहिलेली.

तुझ्या ठिगळाने बाई ‘मजकूर संपला’ म्हणायला लागली आणि आई उठून कामाला लागली. तू स्वतःला दोष देशील म्हणून आधीच सांगतो, देऊ नकोस. तू वर येऊन बेल वाजवली होतीस. मीच आतून म्हटलं, इथे काही गळत नाही.

आईला मी खोटं ठरवलं. ते पत्र फाडून टाक, म्हणजे पुसून टाक, जे काय असेल ते. ते तिला कधी कळता कामा नये.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. दुपारी ऑफिसचं काम बाजूला सारून ती केली, पहिल्यांदाच. नवी व्हर्जन सगळ्यांसाठी चढवली आहे. असं पुन्हा होऊ नये म्हणून तपासणीसाठी एक नमुन्याची ओळ ठेवावी लागते, पुढे कुणीही कात्रीला हात लावला तर ती ओळ आधी नीट बाहेर पडली पाहिजे. मी तीच ठेवली. फक्त ‘आई’ काढून टाकलं, चव्हाटा नको म्हणून. आता जगात कुठेही कुणी कात्री तपासली की ती विचारेल, ‘मी येऊ का?’ ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलंसुद्धा, ही कसली ओळ? मी म्हटलं, अशीच.

दुरुस्ती चढल्यावर एकेक जण सांगायला लागलेत की आम्हीही आपापल्याकडे ठिगळ लावलं होतं, आता काढतो. इतकी माणसं खाली बादल्या लावून बसली होती आणि मला वर पत्ता नाही.

तू तुझं ठिगळ आधी उसव, मग नवी कात्री घाल. आईला काही सांगू नकोस. बाईकडूनच कळू दे तिला. तिने ऐकून काय म्हटलं ते मला लिही. काहीच म्हणाली नाही तर तेही लिही.

डबा तसाच घरी आणला.

दादा

*

१२ मार्च

दादा,

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं, कारण घरात रडले असते तर आईला ऐकू आलं असतं. नजर अधू झाल्यापासून तिचे कान फार तिखट झालेत.

लगेच लिहिलं नाही, कारण ठिगळ उसवायला वेळ लागला. दोन वर्षांत मी त्याच्यावर आणखी काय काय शिवून ठेवलं होतं. काल ते झालं. सगळं आधी दुसऱ्या मजकुरांवर चालवून पाहिलं, तुझ्यासारखं ‘माझ्याकडे होत नाही’ म्हणून सोडलं नाही. एवढं टोचू दे मला.

आज सकाळी आईला म्हटलं, बाई बरी झाली, फेब्रुवारीचं पत्र पुन्हा ऐकून बघ. ती खिडकीशी बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, ओट्याचं फडकं हातात. ती ऐकत होती. लिफ्टचं आलं तेव्हा की काय, थोडी हसली. मग तिचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग मला हाक मारून विचारलं, “हे त्याने आत्ता नवीन लिहून पाठवलंय?”

म्हटलं, “नाही आई. फेब्रुवारीचंच आहे ते. शेवटची ओळ बाई गिळत होती.”

“जानेवारीचं लाव.”

लावून दिलं. मग डिसेंबरचं. मग म्हणाली, “पहिल्यापासून लाव. आणि तू जा.” मी कुठली जाते. एकेक पत्र ती पुरतं ऐकत होती, मधलं काही सोडत नव्हती, हवासुद्धा. प्रत्येक पत्राच्या शेवटी तिचे ओठ हलत होते. दुपारचं जेवण गार झालं.

मला वाटलं आता रडेल. थोडी रडलीही, ते तुला सांगायला तिने मनाई केलेली नाही. पण मग चिडली. कुणावर ते तिलाही कळेना. आधी बाईवर, मग माझ्यावर, की एवढी शिकलीस आणि मशीनला खोटं ‘संपला’ म्हणायला शिकवलंस. मग तुझ्यावर. “महत्त्वाचं असं शेवटी लिहितात का? वर लिहायला काय झालं होतं? बापाचीच सवय. तेसुद्धा तासभर इकडचं तिकडचं बोलायचे आणि खरं काम दारात चपला घालताना सांगायचे.” मग म्हणाली, “दर महिन्याला विचारत होता गं तो. आणि मी त्याला गुडघा लिहीत होते.”

आत्ता ती आतल्या खोलीत आहे, दार लावून. मोबाइलशी बोलतेय. मी दाराला कान लावला तर आतून आवाज आला, “मुंगे, भांडी घास.” म्हणून भांडी न घासता तुला लिहितेय.

तुझी खोली मी अडगळीने भरलीय. उद्यापासून उपसायला घेते.

मुंगी

*

१२ मार्च

ये.

हे पहिल्यांदा लिहिलं. आता बाकीचं सावकाश सांगते, मधेच मोबाइल बंद पडला तरी काळजी नाही.

बाळा, तुझी सगळी पत्रं आज ऐकली. आधी ऐकलीच होती म्हणा. इतकी वर्षं तू दारात उभा राहून विचारत होतास आणि मी आत बसून म्हणत होते, हा विचारत का नाही. तुझ्या मनाला काय झालं असेल, ते मी आज सबंध दिवस मोजत बसले आणि मला मोजता येईना. दारात जे बोलले ते तेव्हाही खरं नव्हतं. बाबा जाताना तुझंच नाव घेत होते, तू आला नाहीस म्हणून नव्हे, तू येतोयस म्हणून. ते मी तुला सांगितलं नाही. रागात राहून गेलं.

मुंगी म्हणते मशीनची चूक. मी तिला म्हटलं, मशीनला काय कळतं, त्याला वाटलं अजून काही यायचंय म्हणून ते बिचारं थांबलं. थांबणं काही चूक नाही. आपण दोघं तर त्याच्याहून जास्त थांबलो.

लवकर ये, पण घाईत गाडी चालवू नकोस. केस पिकलेत असं मुंगीने सांगितलं. ते रंगवायचे नाहीत. जसा आहेस तसा मला खिडकीशी बसवून बघायचा आहेस, उजेड सकाळी चांगला येतो. त्याच बेताने पोच. उशीर झाला तर दुसऱ्या सकाळपर्यंत मला थांबावं लागेल, आणि आता माझ्याने थांबवत नाही. शर्ट धुतलेला आहे, पोट सुटलं नसेल तर होईल. बाथरूमच्या छताचा डाग पुन्हा आलाय. वरच्या बाई दार उघडत नाहीत. तू आलास की आपण दोघं जाऊन बेल वाजवू.

माझं सांगून झालं. आता खाली जे काय येईल त्यात महत्त्वाचं काही नाही, तुझ्या कात्रीने गिळलं तरी चालेल